तसवीर, संगणक आणि अमानत

आमचा एक जुना विद्यार्थी मागच्या ईदला भेटायला आला, तेव्हा शिरखुर्म्याच्या वाटीपेक्षा त्याचे लक्ष सोबत आणलेल्या लॅपटॉपकडे अधिक होते. उर्दू माध्यमातून दहावी झालेला हा मुलगा. पुढे ॲनिमेशनच्या क्लासला गेला आणि आता एका लहानशा स्टुडिओत जाहिरातींसाठी तेलाच्या बाटल्या आणि साबणाच्या वड्या पडद्यावर गरगर फिरवण्याचे काम करतो. "सर, ये आपको दिखाना था," म्हणत त्याने लॅपटॉप उघडला.

पडद्यावर एक बाग होती. मधोमध चौकोनी हौद, त्यात बदके, काठावर गालिचा अंथरून बसलेला एक बुजुर्ग, मागे सरू आणि फुललेले झाड. आम्हाला वाटले, एखाद्या जुन्या इराणी किंवा मुघल चित्राचा फोटो आहे. "नाही, मी थ्री-डीमध्ये बनवले," तो म्हणाला आणि त्याने माउस धरून सगळी बाग बाजूने फिरवली. आम्ही हसलोच. हौद उतरत्या छपरासारखा कलला होता आणि पाणी त्यातून सांडत कसे नाही हा प्रश्न पडावा असा होता. बदके त्या उतारावर खिळ्यांनी ठोकल्यासारखी उभी. बुजुर्ग गालिच्यापासून वीतभर अधांतरी. समोरून पाहिले तर जन्नत आणि बाजूने पाहिले तर भूकंप!

"हे असे वाकडे का केलेस?" आम्ही विचारले. त्याचे उत्तर ऐकल्यावर आमचे हसू थांबले. तो म्हणाला, "सरळ बांधले की चित्र खोटे दिसते."

या उत्तराचा अर्थ समजायला आम्हाला वेळ लागला. या लघुचित्रांचा चित्रकार एका जागी उभा राहून जगाकडे पाहत नाही. हौदाचा आकार वरून कळतो म्हणून तो हौद वरून पाहतो. बदक बाजूने ओळखू येते म्हणून बदक बाजूने पाहतो. दूरचा माणूस दूर आहे म्हणून लहान होत नाही, तो कागदावर फक्त थोडा वर बसवला जातो. रात्र असली तरी अंधार पडत नाही. आकाशात चंद्र आणि कोणाच्या तरी हातात मशाल, एवढ्यावरून रात्र समजून घ्यायची, बाकी चेहरे, कपडे, पाने सगळे लख्ख. सावली जवळजवळ नसतेच. 1580 मध्ये जेझुइट पाद्री अकबराच्या दरबारात आले, त्यांच्याबरोबर युरोपातली छापील चित्रे आली आणि मग मुघल चित्रांत छायाप्रकाश हळूहळू शिरला, ही पुढची गोष्ट.

संगणकाचा डोळा मात्र फ्लोरेन्सच्या वळणाचा आहे. पंधराव्या शतकात तिथल्या कलावंतांनी शोधलेले आणि 1435 मध्ये अल्बेर्तीने ग्रंथात मांडलेले यथादर्शन, म्हणजे चित्रकलेच्या तासाला ज्याला आपण पर्स्पेक्टिव्ह म्हणतो ते, या सॉफ्टवेअरच्या कॅमेऱ्यात आधीपासूनच बसवलेले असते. एक डोळा, एक जागा, जवळचे मोठे, दूरचे लहान. ब्लेंडर नावाचे सॉफ्टवेअर 2002 पासून सर्वांसाठी खुले आहे, फुकट मिळते. या मुलाने तेच वापरले. त्यात कॅमेऱ्याची दुसरीही एक तऱ्हा असते, तिच्यात दूरची वस्तू लहान होत नाही. पण त्याने अर्धेच काम भागते. एकाच चित्रात हौद वरून आणि बदक बाजूने पाहायचे, तर हौदच कलता बांधावा लागतो. दिव्याच्या सावल्या बंद कराव्या लागतात. आम्ही इतकी वर्षे समजत होतो की शैली म्हणजे रंग, पगडीचा घाट आणि सोनेरी किनार. हा मुलगा तीन महिने रंगाला हात न लावता फक्त हौदाचा उतार कमीजास्त करत बसला होता.

इथे आमच्या घरच्या वाचकांच्या मनात येणारा प्रश्न टाळून पुढे जाणे बरे नव्हे. त्याच्या नानीनेही तो विचारलाच होता: बेटा, हे सगळे जायज आहे का? तसविरी बनवणाऱ्यांना कयामतच्या दिवशी त्यांत जीव ओतायला सांगितले जाईल आणि ते त्यांना जमणार नाही, या अर्थाची हदीस आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. त्यावर उलेमांत मतभेद आहेत आणि आम्ही मुफ्ती नाही, तेव्हा फतवा देण्याचा आमचा इरादा नाही. एवढे मात्र सांगतो की अबुल फजलने 'आईने अकबरी'त बादशहाचे एक मत नोंदवले आहे. चित्रकार माणसाचे एकेक अंग काढतो पण त्याला जान देऊ शकत नाही, म्हणून त्याला जान देणाऱ्याची आठवण इतरांपेक्षा अधिक व्हावी, असा त्याचा आशय. दरबारी युक्तिवाद म्हणून कोणी तो बाजूला सारील. पण त्या दिवशी या मुलाने कॅमेरा सरळ त्या बुजुर्गाच्या डोक्यात घातला तेव्हा आम्हाला अबुल फजल आठवला. आत काहीही नव्हते. अंड्याच्या टरफलाएवढीही जाडी नसलेला एक पत्रा आणि आत पोकळी. दाढीचा एकेक केस बाहेरून नीट विंचरलेला, आणि आत ना मेंदू, ना हाड, ना अंधार. "अंदर तो कुछ भी नहीं है, सर," तो म्हणाला. नानीने शेवटी एवढेच सांगितले म्हणे की छापून आणलीस तर नमाजच्या खोलीत लावू नको.

तेव्हा आम्हाला खरोखर छळणारा प्रश्न दुसराच आहे. दुसऱ्याची शैली उचलून, त्याच्या हाताची नक्कल करून, आज काही बनवणे कितपत रास्त?

नक्कल म्हणून नक्कल आपल्या परंपरेत कमीपणाची नव्हती. कातिब उस्तादाचा कित्ता गिरवूनच कातिब होत असे आणि मुसव्विर उस्तादाची तसवीर उतरवूनच मुसव्विर. जहांगीरच्या दरबारातला एक किस्सा इंग्रज वकील सर टॉमस रो याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवला आहे. 1616 ची गोष्ट, मुक्काम अजमेर. रोने आपल्याजवळचे एक इंग्रजी लघुचित्र बादशहाला दाखवले आणि असे काम इथे होणार नाही अशा थाटात त्याची तारीफ केली. बादशहाने ते आपल्या चित्रकाराकडे दिले. काही दिवसांनी रात्री रोला बोलावून त्याच्यासमोर सहा चित्रे ठेवली. पाच नकला आणि एक अस्सल. मेणबत्तीच्या उजेडात रोला आपले चित्र ओळखायला बरेच कष्ट पडले. ओळखले त्याने, पण कबुलीही दिली. बादशहा भलताच खूष झाला. या गोष्टीत नक्कल आहे, पैज आहे, थोडी घमेंडही आहे. फसवणूक मात्र नाही, कारण सहांपैकी एक अस्सल आहे हे सर्वांना ठाऊक आहे.

हाच जहांगीर आपल्या आठवणींत सांगतो की चित्र कोणाचे आहे ते मी पाहताच ओळखतो, चेहरा एकाचा आणि डोळे-भुवया दुसऱ्याच्या असतील तरी. शेखी म्हणा हवे तर. पण हात ओळखण्याला त्या काळी किंमत होती, एवढे त्यातून दिसते. त्याच्या वडिलांच्या कारखान्यात एकेका चित्रावर दोघे-तिघे काम करत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात 'अकबरनाम्या'ची जी प्रत आहे तिच्या समासात ही नावे लिहिलेली आहेत: तरह, म्हणजे रेखाटन, अमक्याचे. अमल, म्हणजे रंगकाम, तमक्याचे. कुठे चेहऱ्यांसाठी तिसरे नाव. आमच्या विद्यार्थ्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, आमच्या स्टुडिओतही असेच चालते, एक जण आकार घडवतो, दुसरा रंग-पोत चढवतो, तिसरा दिवे लावतो. फक्त नाव कोणाचेच नसते. (हे शेवटचे वाक्य त्याने सहज उच्चारले. आम्हाला ते सहज घेता आले नाही.)

हॉलंडचा रेम्ब्रांट कधी हिंदुस्थानात आला नाही. पण 1656 ते 1661 च्या सुमारास त्याने मुघल लघुचित्रांवरून काढलेली वीसहून अधिक रेखाचित्रे आज शिल्लक आहेत. जहांगीर आणि शाहजहान त्यांत आहेत. दिवाळखोरीत निघालेला एवढा मोठा कलावंत महागड्या आशियाई कागदावर परक्या मुलखातल्या अनाम चित्रकारांची चित्रे समोर ठेवून काढत बसतो, हे दृश्य आम्हाला फार आवडते. आणि 2016 मध्ये त्याच रेम्ब्रांटची पाळी आली. तंत्रज्ञांनी त्याची 346 चित्रे त्रिमिती स्कॅनरने आणि इतर साधनांनी तपासली, संगणकाला त्याच्या चेहरे काढण्याच्या सवयी शिकवल्या आणि तिशी-चाळिशीतल्या, दाढीमिशा असलेल्या, काळे कपडे आणि हॅट घातलेल्या एका पुरुषाचे नवे चित्र तयार केले. त्रिमिती छपाईच्या यंत्राने शाईचे तेरा थर एकावर एक चढवले, म्हणजे कुंचल्याच्या फटकाऱ्यांचा उंचवटाही हाताला लागावा. 'नेक्स्ट रेम्ब्रांट' असे त्याचे नाव. लबाडी नाही, सगळे उघड. तरीही ते चित्र पाहताना आम्हाला कसेसेच होते. रेम्ब्रांटच्या समोर बसलेली माणसे ॲमस्टरडॅमची होती, कोणाची तरी बाप, कोणाची तरी देणेकरी. या काळ्या हॅटवाल्याला कोणीच कधी सलाम केलेला नाही. ती कोणाचीच तसवीर नाही, आणि डोळ्यांत मात्र थकवा आहे. तो थकवा कोणाचा?

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

बागेनंतर आमच्या विद्यार्थ्याने दुसरे काम हाती घेतले, आणि ते आम्हीच सुचवले होते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' नावाचे एक फार्सी हस्तलिखित आहे. आफताबी नावाच्या शायराने अहमदनगरच्या (2024 पासून अहिल्यानगर) पहिल्या हुसेन निजामशहाची त्यात स्तुती गायिली आहे. 1565 मध्ये तालिकोटची लढाई जिंकणाऱ्यांत हा एक सुलतान होता, आणि त्याच वर्षी तो वारला. हस्तलिखितात डझनभर चित्रे उरली आहेत. दख्खनी चित्रकलेच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. महाराष्ट्राच्या मातीत निपजलेली ही चित्रे, पण आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? या चित्रांची एक गंमत आहे, गंमत म्हणणेही बरे नाही. सुलतानाची बेगम खुंजा हुमायून त्यांत सुलतानाच्या शेजारी काढलेली होती. पुढे कोणीतरी बहुतेक चित्रांतली तिची आकृती पुसून टाकली. सुलतानाच्या मृत्यूनंतर लहान मुलाच्या नावाने काही वर्षे तिने राज्य चालवले, मग 1569 मध्ये मुलाने तिला कैद केले. तिच्या पतनानंतर हे पुसण्याचे काम झाले असावे, असे अभ्यासक मानतात. चांदबीबीचे नाव आपल्या पोरासोरांना ठाऊक असते. ही चांदबीबीची आई. चित्रात आज तिच्या जागी एक धूसर डाग आहे.

आमच्या विद्यार्थ्याने दरबाराचे ते चित्र त्रिमितीत उभे केले. रंग सुरेख जमले होते. सपाट पार्श्वभूमी, दासी, सुलतान, आणि शेजारी बेगम. आम्ही ते सातवीच्या वर्गात मोठ्या पडद्यावर दाखवले. खरे सांगायचे तर अभिमानाने दाखवले, आपल्या शाळेचा मुलगा म्हणून. मुलींनी वहीत बेगमचा चेहरा उतरवला, खाली नाव लिहिले. शिक्षकांच्या ग्रुपवर आम्हीच ते चित्र पाठवले. आठवड्याभरात ते दुसऱ्याच गावाहून आमच्याकडे परत आले, "साडेचारशे साल पुरानी असली तसवीर" अशा ओळीसह.

तेव्हा कुठे आम्हाला विचारायचे सुचले. फोन करून विचारले, "बेगमचा चेहरा कुठून आणलास?"

"तयार मॉडेल होते सर, एका गेमसाठी बनवलेले. त्यालाच ओढणी घातली."

फोन ठेवल्यावर आम्ही बराच वेळ गप्प होतो. कुठल्या तरी परदेशी खेळातली, तलवार घेऊन उड्या मारण्यासाठी घडवलेली एक बाहुली. आणि आमच्या तीस मुली तिला चांदबीबीची आई समजून घरी गेल्या होत्या.

त्याला दोष देणे सोपे होते. पण त्याच्याशी बोलताना लक्षात आले की हे हत्यारच असे आहे. चित्रकार चेहरा काढतो, पाठ काढत नाही. सिंहासनाच्या मागे काय आहे ते तो सांगत नाही, त्याला सांगायचेच नसते. त्रिमितीत मात्र वस्तू फिरते. दासीला पाठ द्यावी लागते, सिंहासनाला मागची बाजू द्यावी लागते, वेणी कुठे संपते ते ठरवावे लागते. मूळ चित्रकार जिथे जिथे गप्प राहिला तिथे तिथे आपल्याला बोलावे लागते. म्हणजे याला नक्कल म्हणणेच चुकीचे. ही भर आहे, आणि पाहणाऱ्याला मूळ कुठे संपले आणि भर कुठे सुरू झाली याचा पत्ता लागत नाही.

हदीसच्या विद्येत यासाठी एक शब्द आहे, मुदरज. रावी हदीस सांगता सांगता एखाद्या कठीण शब्दाचा अर्थ आपल्या शब्दांत सांगून जातो, ऐकणारा ते दोन्ही एकत्र लिहून घेतो आणि रावीचे शब्द मूळ मतनात मिसळतात. रावीची नियत साफ असते. त्याला समजावून द्यायचे असते. तरीही मुहद्दिसांनी असे शब्द वेचून काढण्यासाठी हयात घालवली आणि जाणूनबुजून मिसळणाऱ्याला माफ केले नाही. तसविरीला त्या मतनाची बरोबरी आम्ही देत नाही, अल्लाह माफ करो. पण मदरशात अर्धा दिवस घालवलेल्या कोणालाही ही सावधगिरी नवी नसावी. तर्जुमा मतनाखाली वेगळ्या ओळीत छापतात, तफसीर समासात. आपण त्यात वाढलो आहोत.

आम्ही त्याला हे सांगितले तेव्हा त्याने जे उत्तर दिले त्याने आमची पंचाईत केली. तो म्हणाला, "सर, ज्याने पुसले त्याचे तरी का ऐकायचे? डाग तसाच ठेवला तर त्याचाच हुकूम आपण पाळतो आहोत. साडेचारशे वर्षांनंतरही?"

या बोलण्यात वजन आहे. एका बाईला राजकारणापायी तिच्या नवऱ्याच्या शेजारून पुसले गेले. आज आपल्या हाती तिला परत बसवण्याचे साधन आहे. ते न वापरणे म्हणजे काय? तटस्थपणा की आळस? आम्ही दोन दिवस विचार केला. शेवटी आम्हाला वाटले ते असे की त्या गेममधल्या बाहुलीने बेगम परत आलेली नाही, ती दुसऱ्यांदा पुसली गेली आहे. पहिल्या वेळी निदान डाग तरी राहिला होता. इथे कोणीतरी होते आणि कोणीतरी तिला हटवले, हे त्या डागाकडे पाहून कळत तरी होते. आता तिच्या जागी एक गोड चेहरा बसला आणि गुन्हा झाल्याची खूणही गेली.

हेही आम्ही त्याला सांगितले. पटले की नाही ते माहीत नाही. "पण मुलांना डाग आवडणार नाही," एवढेच तो म्हणाला.

आमच्या कपाटात जुने कातिबांनी लिहिलेले उर्दू कायदे आहेत, आणि टेबलावर संगणकावर छापलेल्या प्रश्नपत्रिका. त्या प्रश्नपत्रिकांचे अक्षरही एका माणसाच्या हाताचे आहे. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाक्षरे स्वतः लिहून दिली आणि 1981 मध्ये त्यातून संगणकाचे नूरी नस्तलीक तयार झाले. वडिलांच्या नावावरून त्यांनी ते नाव ठेवले. कातिबांचा रोजगार त्याने गेला, ही तक्रार आम्ही कातिबांच्या तोंडून ऐकली आहे आणि ती खरी आहे. पण तिथे हात देणारा हयात होता, त्याने तो राजीखुशीने दिला आणि नावही उरले. दख्खनच्या त्या चित्रकाराला कोण विचारणार? त्याचे तर नावही कोणी लिहून ठेवलेले नाही.

सातवीच्या वर्गात जाऊन आम्हाला सांगावे लागले की मागच्या आठवड्यात दाखवलेला चेहरा बेगमचा नव्हता. चूक आमची, आम्ही विचारले नाही. एका मुलीने हात वर केला. "तो फिर असली कैसी थीं?" आमच्याकडे उत्तर नव्हते. मूळ पानाचा छापील फोटो दाखवला, डागासकट. मुली बेंचवरून पुढे वाकून पाहू लागल्या. दागिना दिसतो का, हात दिसतो का, याची मागच्या बाकापर्यंत चर्चा. आधीच्या तयार चेहऱ्याकडे इतका वेळ कोणी पाहिले नव्हते, हे आम्हाला नोंदवलेच पाहिजे, मुलांना डाग आवडणार नाही म्हणणाऱ्याच्या माहितीसाठी.

रमजानच्या आधी त्याने नवी फाइल पाठवली. आता सुलतानाच्या शेजारी डाग आहे, मूळ पानावर आहे तसा. ब्लेंडरमध्ये वस्तूंच्या यादीत प्रत्येक नावापुढे डोळ्याचे छोटे चिन्ह असते, ते दाबले की वस्तू दिसते, पुन्हा दाबले की लपते. बेगमची एक साधी आकृती त्याने वेगळी ठेवली आहे, या वेळी स्वतः घडवलेली, नाकडोळे जवळच्या दासीच्या वळणाचे. चिन्ह दाबले तर ती येते, नाही तर डाग. खाली समासात, अकबराच्या कारखान्यातल्यासारखी, उर्दूत तीन ओळी लिहिल्या आहेत. तरह: नामालूम मुसव्विर, दख्खन, सोळावे शतक. अमल: त्याचे स्वतःचे नाव. बेगम: अंदाज.

फोनवर तो विचारत होता की दासींच्या पाठीही त्याच्याच अंदाजाच्या आहेत, सिंहासनाची मागची बाजूही, मग त्यासाठी चौथी ओळ लिहावी का. आम्ही म्हणालो, लिही. तो म्हणाला, मग समासात जागा पुरणार नाही, सर.